ब्रिटिश राजघराण्याची जुनी एनग्रेव्हिंग्ज घेताना या चुका टाळा

आठव्या हेन्रीचा चेहरा दिसला की ते एनग्रेव्हिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र) सोळाव्या शतकातलंच असणार, असं अनेक जण धरून चालतात. फसगत तिथूनच सुरू होते. राजाचा काळ, पत्रा कोरल्याचा काळ आणि छाप काढल्याचा काळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रेनल्ड एल्स्ट्रॅकने कोरलेली इंग्लंडच्या राजांची चित्रमाला १६१८ मध्ये निघाली. तिच्यात विल्यम द कॉन्कररही आहे, पण तो वारला १०८७ मध्ये! म्हणजे तो चेहरा कल्पनेतलाच.

चेहऱ्याआधी चित्राखालची बारीक अक्षरं वाचा. ‘पिंक्सिट’ला जोडलेलं नाव मूळ चित्रकाराचं, ‘स्कल्प्सिट’ला जोडलेलं कोरणाऱ्याचं, ‘एक्सकुडिट’ला जोडलेलं प्रकाशकाचं. छापील चित्रांच्या स्वामित्वहक्काच्या १७३५ च्या कायद्यानंतर प्रकाशनाची तारीखही पत्र्यावर कोरली जाऊ लागली. मात्र या तारखेवर विसंबून पैसे मोजू नका. पत्रे एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे विकले जात आणि जुनी तारीख तशीच ठेवून पुढे कितीतरी वर्षं छापले जात. कागद उजेडासमोर धरा. जुन्या हातकागदात समांतर रेघांची जाळी दिसते. इंग्लंडमध्ये जेम्स व्हॉटमनचा बिनरेघी, एकसारखा कागद १७५० च्या दशकात आला. तेव्हा १७०० सालच्या पत्र्याची छाप अशा कागदावर असेल, तर ती नक्की उशिराची. जलचिन्हात (कागदातच उमटवलेल्या खुणेत) साल सापडलं, तर छाप सहसा त्याआधीची नसते.

पत्र्यात तर डोकीही बदलत. पिएर लोंबारने व्हॅन डाइकच्या चित्रावरून घोडेस्वार कोरला. त्याच पत्र्यावर कधी क्रॉमवेलचं डोकं आलं, कधी पहिल्या चार्ल्सचं. ज्याने राजाचा शिरच्छेद घडवला त्याचं आणि त्या राजाचं धड एकच! असं चित्र हाती आलं, तर ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहातल्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय ते कोणत्या टप्प्याचं आहे हे ठरवू नका.

पत्र्याच्या दाबाची चौकट दिसली म्हणजे माल अस्सल, हाही गैरसमज. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फोटोग्रॅव्ह्यूरलाही (फोटोवरून पत्रा तयार करून काढलेल्या छापेलाही) ती असते. भिंगातून पाहा: कोरीव रेघ टोकाकडे निमुळती होते आणि शाई किंचित उठून दिसते. रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली, तर ती आधुनिक छपाई. मेझोटिंटमध्ये (आधी सगळा पत्रा खरखरीत करून मग उजळ भाग घासून काढलेल्या चित्रात) मखमली काळा रंग शोधा. हा पत्रा लवकर झिजतो, म्हणून सावल्या राखाडी, सपाट असतील तर छाप उशिराची.

घरी आणल्यावर चिकटपट्टी, ब्लीच आणि लाकडी पाठ वापरू नका. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात काचेला टेकलेला कागद हमखास बुरशी धरतो. मध्ये आम्लविरहित माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला, फ्रेम बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका आणि कडा कापून चित्र फ्रेममध्ये बसवायला फ्रेमवाल्याला साफ नकार द्या.