धोरणकर्त्यांपुढे अहवाल ठेवताना

मुंबईत एखाद्या समितीपुढे अभ्यास-अहवाल घेऊन जाणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की समोरच्याचे मत अहवालाची वाट पाहत थांबलेले नसते. मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाचेच घ्या. भाडेतत्त्वावरील बस प्रति किलोमीटर स्वस्त पडते की उपक्रमाची स्वतःची, हा प्रश्न वरवर निव्वळ हिशेबाचा वाटतो; परंतु उपक्रमाने दिलेल्या वाहकाचा पगार आणि आगाराच्या जागेचे मोल कंत्राटी बसच्या खात्यात धरायचे की नाही, निवृत्त कर्मचाऱ्यांची देणी उपक्रमाच्या खर्चात मोजायची की वगळायची, हे ठरवतानाच खासगीकरणाविषयीची भूमिका आकड्यांत शिरते. त्यामुळे तक्ता वाचताना बेरजेआधी खर्चाच्या बाबी तपासाव्यात, आणि आपण स्वतः काय वगळले तेही त्याच पानावर लिहावे. तळटीप सहसा कोणी वाचत नाही.

डेन्मार्कमधील ९५४ लोकप्रतिनिधींवर झालेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. दोन सेवापुरवठादारांची तुलना निनावी असताना बहुतेकांनी तक्ता बरोबर वाचला. त्यांच्यापुढे ‘सरकारी’ व ‘खासगी’ अशी नावे येताच आकडे ज्यांच्या मताविरुद्ध होते त्यांच्या चुका वाढल्या. पुरावे वाढवले तेव्हा प्रतिनिधी पूर्वग्रहाला अधिकच चिकटले. तेव्हा शक्य असेल तेथे पहिला तक्ता ‘अ’ आणि ‘ब’ एवढ्यावरच ठेवावा, त्यातून काय दिसते ते सदस्यांकडून वदवून घ्यावे आणि मगच नावे उघड करावीत. विरोध दिसला म्हणून परिशिष्टे जोडत सुटू नये.

अहवाल कशासाठी मागवला आहे, याचाही अंदाज घ्यावा. अमेरिकी अभ्यासक कॅरल वाइस यांनी १९७९ मध्ये संशोधनाच्या वापराचे जे प्रकार सांगितले, त्यांत ठरलेल्या भूमिकेसाठी दारूगोळा म्हणून होणारा वापर आहे, तसाच निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी होणारा वापरही आहे. दारूगोळा म्हणून वापर होणे मला फारसे गैर वाटत नाही, मात्र अहवालाची मर्यादा सांगणारे वाक्य गाळले जाऊ नये म्हणून ते निष्कर्षाच्याच वाक्यात गुंफावे.

बैठकीपूर्वी दोन्ही बाजूंच्या सदस्यांना एकेकटे गाठून विचारावे, “प्रति किलोमीटर किती फरक निघाला तर आपण मत बदलाल?” कोणी आकडा सांगितला तर तारखेसह टिपून ठेवावा. “कितीही निघो, चालक उपक्रमाच्या कायम नोकरीतलाच हवा,” असे उत्तर आले, तर तो मुद्दा खर्चाच्या तक्त्याखाली न दडपता रोजगाराचा प्रश्न म्हणून स्वतंत्रपणे मांडावा.