पोरांना फक्त रॅलीला बोलावू नका

दर नोव्हेंबर संपत आला की मला कॉलेजांतून फोन येतात. ‘मॅडम, १ डिसेंबरला एड्स दिनाची रॅली काढायचीय, बॅनर मिळेल का?’ मिळतं. पोरं घोषणा देतात, पोहे खातात, फोटो निघतो. मी खान्देशातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्राची, समुपदेशक आहे. रॅलीतून उठून तपासणीला आलेला एकही पोरगा मला आठवत नाही.

तुम्ही कॉलेजातला रेड रिबन क्लब (एचआयव्ही जागृतीचा गट) सांभाळणारे सर असा की गावातल्या मंडळाचे अध्यक्ष, सुरुवात बुटाच्या खोक्यापासून करा. झाकणाला फट पाडा, आठवडाभर ठेवा, चिठ्ठीवर नाव नको. आमच्याकडे निघालेली एक चिठ्ठी: ‘येकच ताटमा जेवनूत तं हुई का?’ नाही होत. ताटातून, डासातून, मिठीतून होत नाही. कंडोमशिवायचे संबंध, बाधित रक्त, एकमेकांची वापरलेली सुई, आणि उपचार नसलेल्या आईकडून बाळाला, एवढ्याच वाटा. पण उत्तरं तुम्ही देऊ नका. पाच-सहा पोरापोरींना आमच्याकडे पाठवा, ओपीडी संपल्यावर. आम्ही शिकवतो, मग तीच वर्गात अहिराणीत बोलतात. कंडोमचं नाव घेताना सर खोकतात, पोरं खोकत नाहीत.

ओपीडी संपल्यावरच का, तेही सांगते. पहिल्या वर्षी मी त्यांना सकाळी बोलवायची. एका पोराने बाकावर बसलेल्या बाईला ओळखलं आणि संध्याकाळी टपरीवर तिचं नाव निघालं. ती पुन्हा आली नाही. चूक माझी होती. आता कामाला लावण्याआधी २०१७ चा एचआयव्ही कायदा समजावते: संमतीशिवाय कुणाची तपासणी नाही आणि कुणाची माहिती बाहेर नाही. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याला पोस्टर रंगवायला द्या. तेही कामच आहे.

शिबिराची तारीख पोरांना ठरवू द्या. मी डिसेंबरात घ्यायची. एक पोरगी म्हणाली, ‘मॅडम, तवा गावात ऱ्हातं कोन?’ खरंच होतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातेत गेलेली माणसं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास परततात. आता शिबिर आखाजीनंतर, संध्याकाळी, शाळेच्या मागच्या खोलीत. सोबत हिमोग्लोबिन आणि साखरही तपासतो, म्हणजे कोण कशासाठी आलं हे रांगेवरून कळत नाही. एचआयव्हीसाठी मात्र आत एकेकाला वेगळं विचारूनच रक्त घ्यायचं. अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागते, हे पोरांनी आधीच सांगून ठेवावं, नाहीतर धीर करून आलेलं पोर दारातून परततं. जोखीम अगदी अलीकडची असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. तपासणी फुकट असते. फोनवरच विचारायचं असेल तर १०९७.

आता ज्यांना स्वतःला एचआयव्ही आहे ती पोरं. त्यांना ‘अनुभव सांगा’ म्हणून स्टेजवर चढवू नका, टाळ्या वाजतील आणि दुसऱ्या दिवशी त्यांनाच कॉलेजात जायचंय. त्यांना एचआयव्हीची गोळी नव्याने सुरू झालेल्यांशी गाठ घालून द्या, दोघांची तयारी असेल तरच. गोळी रोज घेतली आणि रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे मी दहादा सांगते, पण लग्नाच्या वयाच्या पोराला ते दुसऱ्या पोराकडून ऐकायचं असतं. आईबाप गेलेल्या घरात मोठी बहीणच सगळं बघत असेल तर तेही तिच्या कानावर घाला: बारा ते अठरा वयाची, समज असलेली बहीण किंवा भाऊ लहान भावंडांच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी पालक म्हणून सही करू शकतो. त्याच कायद्यात आहे.

बाकी युक्त्या त्यांच्याच. हॉस्टेलात राहणारी एक पोरगी गोळ्या चुकवायची. मी तासभर समजावलं, काही उपयोग झाला नाही. दुसरीने दोन मिनिटांत खरं कारण काढलं: पिशवीतली डबी खुळखुळते आणि खोलीतल्या मुली ‘काय गं ते’ म्हणतात. तिनेच सांगितलं, डबीत कापसाचा बोळा कोंब. तेव्हापासून हॉस्टेलची पोरं गोळ्या न्यायला आली की मी टेबलावर कापूस काढून ठेवते.