वेबसाइटची पानं एकमेकांना कशी जोडावीत: नाशिकच्या एका होमस्टेचं उदाहरण घेऊन

सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये ज्याच्याकडे चार खोल्या मोकळ्या आहेत, तो वेबसाइट करून घेतोय. तीस-चाळीस पानं होतात, फोटो झकास लागतात आणि गुगलवर शोधलं तर मुख्यपानाशिवाय काहीच दिसत नाही. मग कुणीतरी बॅकलिंकचं, म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं, पॅकेज विकायला येतं. ते घेण्याआधी आपल्याच साइटच्या आत एकदा डोकावा. बऱ्याचदा पानं असतात, पण त्यांच्यापर्यंत जायला वाटच नसते. ती काढायला पैसे लागत नाहीत, दोन-तीन संध्याकाळी बैठक मारावी लागते.

गुगलबॉट, म्हणजे गुगलसाठी वेबची पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, एका पानावरच्या लिंका धरून पुढच्या पानावर जातो. कोणत्या पानाकडे कुठून आणि किती लिंका येतात, यावरून त्याचं वजन ठरवायची कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना मांडली. पुढे त्यात बरीच भर पडली, तरी लिंकची गरज संपलेली नाही. दुसऱ्यांनी आपल्याला लिंक द्यावी की नाही, हे आपल्या हातात नसतं. आपल्या साइटच्या आतल्या लिंका मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात.

उदाहरणाला त्र्यंबक रोडवरचं एक होमस्टे घेऊ.

आधी कागद-पेन

साइटवरच्या सगळ्या पानांची यादी हातानं लिहून काढा. खोल्या, भाडं, रामकुंड, काळाराम मंदिर, पांडवलेणी, त्र्यंबकेश्वर, नारायण नागबळी, सप्तशृंगी गड, अंजनेरी, द्राक्षबागा, वाइनरी, सिंहस्थ, जे असेल ते. मग त्यांचे गट पाडा. राहणं, देवदर्शन, भटकंती, सिंहस्थ. प्रत्येक गटाला त्याचं एक प्रमुख पान हवं. त्या पानावरून गटातल्या सगळ्या पानांना लिंक जाईल आणि त्या पानांवरून परत त्याच्याकडे येईल. एखादं पान कुठल्याच गटात बसत नसेल, तर ते लागतंच का, हे स्वतःला विचारा.

मेन्यू पाहुण्याच्या भाषेत

'आमच्याविषयी, आमचं ध्येय, सेवा, गॅलरी, संपर्क' हा मेन्यू मालकाच्या डोक्यातून आलेला असतो. पाहुण्याला हवं असतं ते 'खोल्या आणि भाडं', 'देवदर्शन', 'आसपास फिरायला', 'सिंहस्थ २०२७', 'पत्ता आणि फोन'. पाच-सहा शब्दगट पुरे. तीन क्लिकच्या आत सगळं सापडलंच पाहिजे, असा नियम कुणी सांगितला तर मनावर घेऊ नका, गुगलचा तसा काही नियम नाही. फक्त ज्या पानावर पैसे मिळतात, ते मुख्यपानापासून एका क्लिकवर असू द्या.

नाशिकपुरती एक सूचना. इथे येणारा पाहुणा एका प्रकारचा नसतो. शनिवार-रविवारी वाइनरीला येणारे वेगळे, त्र्यंबकला विधीसाठी येणारे वेगळे. त्यांच्या वाटा वेगळ्या ठेवा. रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी आलेल्या माणसाला त्याच पानाच्या मधोमध वाइन टूरचं बटण दाखवणं कसंतरीच वाटतं, आणि तो त्यावर क्लिकही करणार नाही.

पानाच्या वरच्या बाजूला 'मुख्यपान › देवदर्शन › त्र्यंबकेश्वर' अशी ओळ, म्हणजे ब्रेडक्रंब, जरूर द्या. गुगलनं जानेवारी २०२५ पासून मोबाइलवरच्या शोधनिकालांत ती दाखवणं बंद केलं असलं, तरी गुगलवरून थेट आतल्या पानावर उतरलेल्या माणसाला आपण कुठे आहोत ते तिच्यामुळेच कळतं.

मजकुरातली लिंक: खरं काम इथे आहे

मेन्यू सगळ्या पानांवर सारखाच असतो. एखाद्या पानाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे तो सांगत नाही. ते सांगते वाक्याच्या ओघात आलेली लिंक. नारायण नागबळीचं पान घ्या. बहुतेक साइटवर असं असतं:

'नारायण नागबळी विधी तीन दिवस चालतो. अधिक माहितीसाठी इथे क्लिक करा.'

आता हे वाचा:

'विधी तीन दिवस चालतो, त्यामुळे बाहेरगावचे यजमान बहुधा कुटुंबासह मुक्कामाला येतात. त्यांच्यासाठी तीन दिवसांच्या मुक्कामाच्या खोल्या आणि भाडं एकत्र दिलं आहे.'

यात 'तीन दिवसांच्या मुक्कामाच्या खोल्या आणि भाडं' एवढ्याच शब्दांना लिंक द्या. वाचणाऱ्याला पुढे काय मिळणार ते कळलं आणि गुगललाही ते पान कशाचं आहे ते समजलं. 'इथे क्लिक करा'मधून दोघांनाही काही कळत नाही. याचं दुसरं टोकही टाळा. 'नाशिकमधील सर्वोत्तम स्वस्त होमस्टे' हेच शब्द वीस पानांवर लिंक करून चिकटवले, की वाचणाऱ्याला किळस येते.

प्रत्येक पानावर बसून एकच प्रश्न विचारा: हे वाचून झाल्यावर माणूस पुढे काय विचारेल? अंजनेरीचं पान वाचणारा पावसाळ्यातल्या वाटेबद्दल विचारेल, पहाटे लवकर निघायचं म्हणून नाश्त्याची सोय विचारेल. सप्तशृंगी गड नाशिकपासून साठेक किलोमीटरवर, म्हणजे गाडी मिळेल का, हे विचारणारच. जिथे उत्तराचं पान तुमच्याकडे आहे, तिथे लिंक द्या. नसेल, तर पुढचं पान कशावर लिहायचं ते तुम्हाला आयतं मिळालं.

फूटरमध्ये, म्हणजे पानाच्या अगदी तळाच्या पट्टीत, पत्ता, फोन, दोन-चार महत्त्वाची पानं एवढंच असू द्या. 'सिडकोजवळ होमस्टे', 'इंदिरानगरजवळ होमस्टे', 'नाशिक रोडजवळ होमस्टे' अशी एकच मजकूर फिरवून केलेली पानं आणि फूटरमध्ये त्यांची रांग, हा प्रकार गुगलच्या स्पॅम धोरणात बसतो.

लिंक खरी आहे का ते बघा

मोबाइलवर साइट उघडा आणि एकेका बटणावर बोट दाबून धरा. 'नवीन टॅबमध्ये उघडा' असा पर्याय आला, तर ती खरी लिंक आहे. काहीच आलं नाही, तर ते नुसत्या जावास्क्रिप्टवर चालणारं बटण असण्याची शक्यता मोठी. माणूस तिथून पुढे जाईल, पण गुगलबॉट बटणं दाबत बसत नाही. साइट करणाऱ्याला सांगा, 'अँकर टॅगमध्ये एचरेफ घालून द्या.' पाच मिनिटांचं काम आहे, वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

हे मोबाइलवरच तपासायचं, कारण गुगल आता साइटची मोबाइलवरची आवृत्तीच धरतं. तीन रेघांच्या मेन्यूत मिटलेल्या लिंका चालतात. पण कॉम्प्युटरवर बाजूच्या पट्टीत दिसणाऱ्या लिंका मोबाइलवर काढूनच टाकल्या असतील, तर त्या नसल्यात जमा.

वाट नसलेली पानं शोधा

सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या मोफत साधनात 'लिंक्स' भागात इंटर्नल लिंक्सचा, म्हणजे साइटच्या आतल्या लिंकांचा, तक्ता असतो. तो कमीपासून जास्तीकडे लावा आणि मघाच्या कागदाशी ताडून बघा. सगळ्यात वर आलेली आणि तक्त्यात आलीच नसलेली पानं आधी हातात घ्या. स्क्रीमिंग फ्रॉग या साइट तपासणाऱ्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती ५०० वेब पत्त्यांपर्यंत तपासते, छोट्या साइटला ती भरपूर झाली. 'साइटमॅप दिलाय की' असं म्हणून हे काम टाळू नका. साइटमॅपमुळे, म्हणजे गुगलला दिलेल्या पानांच्या यादीमुळे, गुगलला पानाचा पत्ता कळतो, ते महत्त्वाचं आहे असं कळत नाही.

सिंहस्थाच्या पानाचा पत्ता

नाशिकचा मागचा सिंहस्थ २०१५ चा, पुढचा २०२७ चा. पानाच्या शीर्षकात साल घाला, पण वेब पत्त्यात घालू नका, तिथे नुसतं 'सिंहस्थ' ठेवा. म्हणजे पर्वणी आटोपल्यावर मजकूर बदलता येतो आणि त्या पानाकडे आलेल्या सगळ्या लिंका शाबूत राहतात. सालासकट पत्ता आधीच करून बसला असाल, तर नवा पत्ता करा आणि जुन्यावरून त्याच्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची आपोआप वळणारी वाट, लावा. काढून टाकलेलं कुठलंही पान सरसकट मुख्यपानाकडे वळवू नका, त्याच विषयाच्या जवळच्या पानाकडे वळवा. तसं पानच नसेल, तर सरळ ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संदेश, येऊ द्या आणि त्या पत्त्याकडे जाणाऱ्या आपल्या साइटवरच्या लिंका त्याच दिवशी काढून टाका.