येऊरला वेगळा कोळी दिसला, मग पुढे काय?
पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात गेलात आणि कधीच न पाहिलेला कोळी दिसला तर आधी फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, पण असाच उचलून आणू नका, तो भाग नॅशनल पार्कचा आहे, परवानगी लागतेच. रंगावर तर अजिबात जाऊ नका, कोळ्यांमध्ये खरा फरक नराच्या पाल्प (तोंडाजवळचे, मीलनासाठी वापरायचे अवयव) आणि मादीच्या एपिजाइनमध्ये (पोटाखालचा जननभाग) असतो, तो मायक्रोस्कोपखालीच कळतो.

मग खरं काम म्युझियममध्ये, आणि मला तर हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) किंवा झेडएसआयच्या (झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) कलेक्शनमध्ये अल्कोहोलमधले जुने नमुने असतात, जवळच्या प्रत्येक प्रजातीचा टाइप नमुना (ज्यावरून त्या प्रजातीचं नाव ठरलं तो) आणि मूळ वर्णन, कधी शंभर वर्षांपूर्वीचं, आपल्या कोळ्याशी ताडून बघायचं. इथे घाई केली की आधीच नाव असलेल्या प्रजातीला दुसरं नाव दिलं जातं आणि निस्तरायला पुढच्यांची वर्षं जातात.

खरंच वेगळा निघाला तर एक नमुना होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार असलेला एकमेव नमुना, ठरवायचा, मोजमापं, चित्रं, फरक लिहायचे, पेपर छापायचा, फक्त ऑनलाइन असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी हवीच. आणि होलोटाइप घरी ठेवायचा नाही हं, मान्यताप्राप्त संग्रहात जमा करायचा.