पुण्यात नव्याने आलात? आधी वेळा पाठ करा, पत्ते नंतर

विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेली आपली मंडळी पहिले सहा महिने तीन तक्रारी करतात. जेवण गोडसर लागतं, हॉटेलात कुणी आपुलकीने बोलत नाही, आणि नावाजलेल्या ठिकाणी जावं तर दार बंद. पहिल्या दोन गोष्टींची सवय व्हायला वर्ष जातं. तिसरी अडचण आजच सुटेल. पुण्यात चांगलं खाणं जितकं जागेवर अवलंबून आहे, तितकंच घड्याळावरही.

पेठांमधल्या जुन्या उपाहारगृहांचा दिवस असा असतो: सकाळी मिसळ, पोहे, उपीट, साडेअकरा-बारापासून जेवण, तीनच्या सुमारास बंद, संध्याकाळी परत सुरू. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ती रविवारीच असेल असं नाही. यामागे आडमुठेपणा नाही. स्वयंपाकघर लहान, माणसं मोजकी, रस्सा सकाळी एकदाच होतो आणि संपला की संपला. दुपारी दोनला ‘मिसळ संपली’ अशी पाटी दिसली तर ती जागा टिपून ठेवा. जिथे तोच रस्सा पाणी घालून रात्रीपर्यंत पुरवतात, तिथे पाटी कधीच लागत नाही. निघण्याआधी नकाशावरची वेळ बघून भागत नाही. सणावाराला ती हमखास चुकते. एक फोन करा. फोन कुठल्या क्रमांकावर करायचा ते पुढे सविस्तर सांगतो, कारण लोकांचे पैसे बुडतात ते तिथेच.

मिसळीवरून वाद घालण्यात वेळ घालवू नका. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ गोडसर, ब्रेडच्या स्लाइसबरोबर. कर्वे रस्त्याकडची काटाकिर्र कोल्हापुरी वळणाची, झणझणीत. तुळशीबागेतल्या श्रीकृष्णचा रस्सा आलं आणि हिरव्या मिरचीचा. तिन्ही एकदा खा, मग आपली एक ठरवा. नागपूरची तर्री डोक्यात ठेवून बेडेकरांकडे गेलात तर निराश व्हाल, आणि तो दोष बेडेकरांचा नाही.

थाळीबद्दल थोडं जास्त सांगावं लागेल. आपटे रस्त्यावरचं श्रेयस, टिळक रस्त्यावरचं दुर्वांकुर, डेक्कनवरचं सुकांता आणि लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस ही नावं कुणीही सांगेल. चांगली थाळी ओळखायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. पहिली खूण कोशिंबीर. तिला पाणी सुटलं असेल तर मीठ तासभर आधीच पडलेलं आहे. चांगल्या ठिकाणी ती पंगतीपंगतीला कालवतात. दुसरी खूण पोळी. ती दोन-दोन करून गरम येते की टोपलीत दहा एकदम आणून ठेवतात? तिसरी खूण आमटी. गोडा मसाला, चिंच किंवा आमसूल आणि गुळाचा खडा हा पुणेरी आमटीचा पाया आहे. गूळ चुकून पडलेला नसतो, आंबट आणि तिखट जोडायला तो मुद्दाम घालतात. आमटी गोड लागली म्हणून नाव ठेवण्याआधी ती भाताबरोबर खाऊन बघा. नुसती वाटी तोंडाला लावली की अंदाज चुकतो. चौथी खूण अळूची भाजी: ती खाजली नाही आणि दाणे मऊ पण अख्खे राहिले असतील, तर आत जाणता हात आहे.

‘अनलिमिटेड’ आणि ‘लिमिटेड’मधला फरक बसण्याआधी विचारा. अनलिमिटेड थाळीत गोड पदार्थ बहुतेक ठिकाणी मोजूनच मिळतो आणि एका थाळीत दोघांनी जेवलेलं चालत नाही. शनिवार-रविवारी बेत मोठा आणि दरही वेगळा असतो. साडेबाराच्या आत पोचा. दीडनंतर रांगेत तासभर जातो आणि शेवटच्या पंगतीला मसालेभात कोरडा पडलेला असतो.

मांसाहाराचं गणित खपाचं आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटण-मासळीचे दिवस. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि सबंध श्रावणात खप पडतो, म्हणजे माल पडून राहतो. मटण भाकरी खायची तर रविवारी दुपारी बाराला जा. पहिल्या पातेल्यातला रस्सा आणि तीन वाजताचा रस्सा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मासळीला आणखी एक पंचांग लागतं. समुद्र इथून दीडशे किलोमीटरवर आहे, मासळी रातोरात बर्फात येते. आणि १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. जुलैत ‘आज सकाळची ताजी सुरमई’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर ती बहुधा शीतगृहातली समजा. त्या दोन महिन्यांत सुकट, सुके बोंबील, तिसऱ्या किंवा गोड्या पाण्याचे मासे मागवा.

कॅम्पासाठी एक पूर्ण सकाळ द्या. जहांगीर रुग्णालयाजवळच्या वोहुमनमध्ये चीज ऑम्लेट, ईस्ट स्ट्रीटवरच्या कयानीत श्रूजबेरी बिस्किटं, दुपारी १८७८ पासूनच्या दोराबजीत धनसाक, म्हणजे डाळ-मटणाचा पारशी पदार्थ. कयानी दुपारी बंद असते, म्हणून ती आधी उरका. डेक्कनचं १९३५ सालचं गुडलक बन मस्का आणि चहासाठी, फर्ग्युसन रस्त्यावरची वैशाली सकाळी आठच्या आत.

गाडी घेऊन पेठेत शिरू नका. एकेरी रस्ते आणि सम-विषम तारखांचं पार्किंग कळेपर्यंत गाडी उचलून नेलेली असते. काटाकिर्रला गरवारे कॉलेज स्थानक, गुडलकला डेक्कन, तुळशीबागेला मंडई, कोरेगाव पार्कला बंड गार्डन. मेट्रोने ही चारही ठिकाणं सोपी केली आहेत. वाकड, हिंजवडी, खराडीत राहून ‘पुण्यात खायला काही नाही’ म्हणणारी आपली बरीच मंडळी नदी ओलांडून कधी आलेलीच नसतात. घराखालच्या फूड कोर्टात दर शनिवारी तीच पनीर हंडी खायची आणि शहराला बोल लावायचा, हे मला पटत नाही.

आता ती पैसे बुडण्याची गोष्ट. समाजमाध्यमांवर ‘एका थाळीवर दोन थाळ्या मोफत’ अशी जाहिरात दिसते. नाव ओळखीच्या, नामांकित हॉटेलचं, फोटोही त्यांचेच. क्रमांकावर फोन केला की गोड आवाजात सांगतात, ‘फक्त दहा रुपये भरून नोंदणी करा.’ मग दुवा येतो. त्यावर कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी मागतात, किंवा एखादं ॲप उतरवून घ्यायला लावतात. त्या ॲपने तुमच्या फोनचा ताबा त्यांच्याकडे जातो आणि दहा रुपयांच्या जागी खातं रिकामं होतं. नवीन आलेली माणसं यात सर्वात जास्त सापडतात, कारण या हॉटेलांची रीत त्यांना ठाऊक नसते. रीत अशी: जुनी थाळीची ठिकाणं दहा रुपये भरून घेत नाहीत, ओटीपी मागत नाहीत, ॲप उतरवायला लावत नाहीत. बहुतेक ठिकाणी दारात नाव लिहून उभं राहायचं असतं. पैसे जेवणानंतर.

म्हणून शोधयंत्रात पहिला दिसलेला क्रमांक लावू नका. नकाशावरचा क्रमांकही कुणीतरी बदललेला असू शकतो. एकदा प्रत्यक्ष जा, गल्ल्यावरचं कार्ड घ्या, क्रमांक फोनमध्ये जतन करा. पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. आणि फसलातच तर लाजत बसू नका. त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा, मग बँकेला. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. गावाकडून आई-वडील आले असतील तर त्यांनाही हे समजावून सांगा.

आता जेवणासोबतच्या वाइनकडे वळू. आधी नावाचा घोळ: पाटीवर ‘वाइन शॉप’ लिहिलेलं दुकान म्हणजे मद्याचं दुकान, तिथे वाइन एका कोपऱ्यात असते. ‘परमिट रूम’ म्हणजे बसून पिण्याचा परवाना असलेली जागा. तिथे वाइन मागितली तर बहुधा महिन्यापूर्वी उघडलेली बाटली येईल. निव्वळ वाइन बार पुण्यात थोडेच. चांगली वाइन मिळते ती चांगली यादी ठेवणाऱ्या रेस्तराँमध्ये: कोरेगाव पार्कच्या गल्ल्या, कल्याणीनगर, बाणेर, बालेवाडी हाय स्ट्रीट. कोरेगाव पार्कातलं मलाका स्पाइस बरीच वर्षं टिकून आहे. बाकी तिथल्या जागा इतक्या लवकर बदलतात की नावांपेक्षा पारख शिकलेली बरी.

यादी हातात घ्या. उत्पादकाचं नाव आणि द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष लिहिलेलं आहे का? नुसतं ‘रेड वाइन, व्हाइट वाइन’ असेल तर बिअर मागवा. ग्लासने मिळणाऱ्या वाइन तीन-चार असाव्यात. दहा-बारा असतील आणि हॉल रिकामा असेल, तर त्या बाटल्या दिवसेंदिवस उघड्या आहेत. ‘बाटली कधी उघडली?’ हा प्रश्न उद्धट नाही. पांढरी वाइन फ्रिजमध्ये तीन दिवस, लाल तीन-चार दिवस, फसफसणारी जेमतेम एक दिवस टिकते. बाटल्या कुठे ठेवल्या आहेत तेही बघा. कॉफी यंत्राच्या वर, दिव्याच्या झोतात किंवा पश्चिमेच्या काचेला टेकून ओळीने उभ्या असतील तर आतली वाइन उन्हाने शिजलेली आहे. बूच वर आलेलं, मानेला चिकट ओघळ, ही त्याची खूण.

बाटली ७५० मिलीची, म्हणजे १५० मिलीचे पाच ग्लास. चार ग्लासांची किंमत बाटलीएवढी होत असेल आणि तिघं असाल तर बाटलीच घ्या. ती तुमच्यासमोर उघडायला लावा. पहिला घोट चाखायला देतात तो दोष शोधण्यासाठी: ओल्या पुठ्ठ्याचा किंवा आंबलेल्या व्हिनेगरचा वास आला तर परत करा. दोष नसताना केवळ आवडली नाही म्हणून परत करता येत नाही. फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका, आपल्या हवेत ते बुचापेक्षा भरवशाचं आहे.

तापमानावर मी अडून बसतो. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यायची हे थंड देशांतल्या खोल्यांचं माप आहे, सोळा ते अठरा अंशांचं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. बर्फाची बादली मागा, लाल बाटली त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. पांढरी आठ-दहा अंशांवर. ग्लासात बर्फ मात्र नको, चव पाणचट होते.

आयात वाइनच्या मागे लागू नका. बऱ्याच देशांच्या वाइनवर सीमाशुल्कच दीडशे टक्क्यांपर्यंत पडत आलं आहे. तेवढ्याच पैशांत आपल्या राज्यातली कितीतरी सरस मिळते. नाशिकची सुला, अकलूजची फ्रॅटेली आणि पाटसजवळ रोटी गावातली फोर सीझन्स यांनी सुरुवात करा. भारतीय पांढरी वाइन शक्यतो दोन वर्षांच्या आतली घ्या.

जेवणाशी जोडी लावताना तिखटाचा विचार पहिला. लाल वाइनमधला तुरटपणा आणि मद्यार्क मिरचीची आग वाढवतात, थोडा गोडवा ती शमवतो. म्हणून तांबड्या रश्शाबरोबर कॅबर्ने ही तुरट लाल वाइन घेतली तर दोन्ही वाया जातात. तिथे शेनिन ब्लांक ही किंचित गोडसर पांढरी वाइन. कोथिंबीर-ओल्या खोबऱ्याच्या वाटणातल्या कोळंबीला सोव्हिन्यों ब्लांक, तीही पांढरीच. तळलेल्याला, मग कोथिंबीर वडी असो की सुरमई फ्राय, ब्रूट म्हणजे कोरडी फसफसणारी वाइन. तिचा आंबटपणा तेल कापतो. शिराझ ही लाल वाइन भाजलेल्या, बेतशीर मसाल्याच्या मटणाबरोबर. पुरणपोळी किंवा श्रीखंडासोबत कोरडी वाइन आंबट लागते, नकोच.

महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१, तीव्र मद्यासाठी २५ पूर्ण लागतं. पिण्याचा परवानाही कायद्याने लागतो. एका दिवसाचा जागेवर मिळतो. २ ऑक्टोबर, मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि गणपती विसर्जनाचा दिवस कोरडा; त्या दिवशी पाहुण्यांना वाइनचं आमंत्रण देऊ नका.

बिल नीट वाचा. स्वतंत्र रेस्तराँत जेवणावर जीएसटी ५ टक्के, अडीच-अडीच असा दोन ओळींत. महागड्या तारांकित हॉटेलात तो १८ टक्के असू शकतो. मद्यावर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, तो वेगळा दाखवलेला हवा. बिलावर लहान व्यावसायिकांसाठीच्या ‘कंपोझिशन’ करयोजनेचा उल्लेख असेल तर ग्राहकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. सेवाशुल्क ऐच्छिक आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ‘हे वजा करून द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. अडले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. वाचलेल्या पैशांतून वाढणाऱ्याच्या हातात रोख टिप द्या, ती त्याला नक्की मिळते.

परतताना दुचाकीला हात लावू नका. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि दोन ग्लासांत ती ओलांडली जाऊ शकते. पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बंड गार्डनहून शेवटची मेट्रो किती वाजता आहे ते टेबलावर बसण्याआधीच बघून ठेवा.