मिस्त्रींच्या निवृत्तीआधीचे वर्ष कसे वापरावे

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा भोसरीत छोटे मशीनशॉप चालवणाऱ्याला विचारले, तर काम आहे पण लेथवर (धातूचा तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) उभा राहणारा माणूस नाही, असेच तो बहुधा सांगेल. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, काम करायला मुले त्या मानाने लवकर तयार होतात. मात्र झिजलेला शाफ्ट (यंत्रातला फिरणारा दांडा) भरून पुन्हा मापात आणणारा आणि गिअरबॉक्स उघडून नीट बसवणारा मिस्त्री निवृत्तीकडे झुकलेला असतो आणि तो घरी बसला की यंत्राचा स्वभाव जाणणारे कोणी उरत नाही. यावरचा उपाय निरोपसमारंभाच्या आठवड्यात सुचून उपयोगाचा नाही. किमान वर्षभर आधी कामाला लागावे.

पहिले काम मिस्त्रींशी मोकळेपणाने बोलण्याचे. मुलगा तयार झाला की आपल्याला लवकर काढतील, अशी धास्ती असलेला माणूस हातचे राखूनच शिकवतो आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून शिकवण्याचा वेगळा भत्ता आणि निवृत्तीनंतर महिन्यातून काही दिवस येण्याचे मानधन, दोन्ही आधीच लेखी ठरवावे. शिकवण्याच्या वेळेत त्यांच्याकडून नेहमीइतक्या नगांची अपेक्षा ठेवू नये. अनेक मालक नेमके इथेच चुकतात.

शिकणारा शक्यतो आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर किंवा फिटर अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा, म्हणजे मायक्रोमीटर वाचायला शिकवण्यात मिस्त्रींचा वेळ जात नाही. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. त्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर चार ते एकोणतीस कामगार असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. 2016 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल दरमहा 1500 रुपयांपर्यंतचा वाटा केंद्र सरकारने उचलण्याची तरतूद करण्यात आली. छोट्या कारखान्यानेही नोंदणीचा हा खटाटोप करावा.

आता मुख्य भाग. “तुम्ही हे कसे करता?” असे विचारले, तर मिस्त्री “हाताला कळतं” एवढेच म्हणतील आणि ते खरेही असते. त्याऐवजी शिकणाऱ्याने शेजारी उभे राहून “काका, आत्ता का थांबलात?” असे विचारावे. टूल, म्हणजे कापणारे हत्यार, थोडे मागे घ्यायचे असताना त्यांनी क्रॉस-स्लाइडचे (टूल आडवे पुढे-मागे नेणाऱ्या भागाचे) हँडल अर्धा फेरा मागे नेऊन मग हळूच पुढे आणले, तर त्यामागे जुन्या स्क्रूमधली ढिलाई काढण्याचे कारण असते. हँडल नुसते दोन रेघा मागे नेले, तर आकडा बदलतो पण टूल जागचे हलत नाही. चकजवळचा (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, पकडणाऱ्या भागाजवळचा) बेड, म्हणजे लेथचा पाया, झिजल्यामुळे लांब शाफ्ट टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) येत असेल, तर ते टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाला आधार देणारा भाग, किंचित सरकवतात. किती सरकवायचा, हे त्या एका लेथपुरतेच खरे असते आणि कोणत्याही पुस्तकात ते सापडणार नाही. असे प्रसंग मोबाइलवर चित्रित करावेत. मात्र कॅमेरा चेहऱ्यावर न धरता हातावर आणि डायलवर धरावा.

पाहून झाले की हात बदलावेत. उदाहरणार्थ, चार जबड्यांच्या चकमध्ये कास्टिंग (ओतीव तुकडा) सेंटर करताना, म्हणजे बरोबर मध्यावर आणताना, त्याला टेकवलेल्या मापकाचा काटा एकूण 0.40 मिलिमीटर फिरत असेल, तर जॉब 0.20 सरकवायचा असतो: आधी उंच बाजूच्या विरुद्ध बाजूचा जबडा सैल करायचा, मग उंच बाजूचा आवळायचा. हे वाचायला एक मिनिट लागते, पण करताना नवा मुलगा अर्धा तास घोळ घालतो. त्या अर्ध्या तासात मिस्त्रींनी पाना हातात घेऊ नये, अशी त्यांना आधीच विनंती करावी. जुन्या माणसाला हे भारी जड जाते.

प्रत्येक यंत्राजवळ एक बांधीव वही टांगावी. तीत बिघाडाचे लक्षण, पहिला अंदाज आणि शेवटी काय निघाले, या तीन गोष्टी शिकणाऱ्याने लिहाव्यात. चुकलेला अंदाज खोडू नये. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला लावून ऐकलेली घरघर शब्दांत पकडणे कठीण असते, तरी “पत्र्यावर वाळू ओढल्यासारखी” एवढे लिहिले तरी पुढच्या वेळी कामी येते.

नवव्या-दहाव्या महिन्यात मिस्त्रींना पंधरा दिवस भरपगारी रजेवर पाठवावे आणि मुलाला यंत्रावर एकटे ठेवावे. अडल्यास त्याने फोन जरूर करावा, पण प्रत्येक फोनचे कारण वहीत लिहावे. रजेहून परतल्यावर मिस्त्रींनी ती यादी समोर ठेवून, उरलेल्या दोन-तीन महिन्यांत त्यातलीच कामे त्याच्याकडून पुन्हा करवून घ्यावीत.