डोंगराजवळचं कॉलेज निवडताना या चुका टाळा

डोंगराची ओढ असेल तर कॉलेज निवडताना तिचा विचार जरूर करावा. तीन-चार वर्षं जिथे काढायची, तिथे आठवड्यातून एकदा तरी पायवाट धरता येणं ही मोठी गोष्ट आहे. तरीही अनेकांचा बेत फसतो, कारण ते डोंगर किती लांब आहे एवढंच बघतात आणि त्यासाठी आपल्याला वेळ कधी मिळणार हे बघायचं राहून जातं.

नकाशावरच्या किलोमीटरवर विसंबू नका

‘कॅम्पसपासून डोंगर बारा किलोमीटर’ एवढ्यावरून काही कळत नाही. पायथ्यापर्यंत बस जाते का, सुट्टीच्या दिवशी ती असते का, परतीची शेवटची बस किती वाजता, हे कळलं तर अंदाज येतो. ऑस्ट्रियात इन्सब्रुकच्या मध्यातून आधी डोंगरी रेल्वे आणि मग रोपवे धरला की तासाच्या आत 2,256 मीटरवरच्या हाफेलेकार स्थानकात पोचता येतं. अमेरिकेत बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातून फ्लॅटआयर्न्स या खडकाळ कड्यांच्या पायवाटांपर्यंत चालत जाता येतं. अशी ठिकाणं मोजकी. बाकी सगळीकडे हिशोब करावाच लागतो, आणि तो फारसा अवघड नाही.

दुसऱ्या वर्षाचं टाइमटेबल मिळवा. पहिल्या वर्षाचं नको, कारण बऱ्याच कोर्सेसना प्रॅक्टिकल्सचा खरा भार पुढे वाढतो. समजा, बुधवारी दोनला सुटका होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला ठोकताळा आजही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. चार किलोमीटर वाट आणि 300 मीटर चढ असेल तर वर जायला साधारण एक तास वीस मिनिटं, उतरायला पाऊण-एक तास. बसची अर्धा-अर्धा तास धरली तर कुठेही न टेकता सव्वापाच वाजतात. डिसेंबरात इन्सब्रुकला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. म्हणजे हा बुधवार बाद! जूनमध्ये तीच वाट आरामात बसते. म्हणून हिशोब करताना सत्रातला सर्वांत लहान दिवस धरा.

माहितीपत्रकातल्या ऋतूला भुलू नका

फोटो नेहमी सर्वांत देखण्या महिन्यातले असतात. सत्र चालू असताना डोंगराची काय अवस्था असते, हे वेगळं विचारावं लागतं. कुठे पावसात दरडी कोसळतात, कुठे उन्हाळ्यात वणव्यामुळे पायवाटा बंद होतात. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीजवळच्या लिटल कॉटनवुड खोऱ्यातला रस्ता हिमकडे कोसळण्याच्या धोक्यामुळे हिवाळ्यात अधूनमधून बंद ठेवतात.

याच शहराची आणखी एक गोष्ट बाहेरून येणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. हिवाळ्यात थंड, जड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते, वर उबदार हवेचा थर बसतो आणि गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. डोंगरांनी वेढलेल्या अनेक शहरांत असं होतं. दम्याचा त्रास असेल तर गेल्या हिवाळ्यातले हवेच्या गुणवत्तेचे आकडे बघितल्याशिवाय फी भरू नका.

उंचीचंही तसंच. विरळ हवेचा आजार साधारण 2,500 मीटरच्या वर जाणवू लागतो. बोलिव्हियातलं ला पाझसारखं शहर 3,600 मीटरच्या आसपास आहे. तिथे शिकायला जाणाऱ्याने सत्र सुरू होण्याच्या बरंच आधी पोचावं.

‘क्लब आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका

गिर्यारोहणाचा क्लब कागदावर सगळीकडे असतो. गेल्या सत्रात किती ट्रेक झाले, नवख्यांना घेऊन गेले का, सोबत प्रथमोपचार शिकलेलं कोण होतं, हे सीनियर्सना विचारा. क्लाइंबिंग करणार असाल तर दोर कधी घेतले आणि त्यांच्या वापराची नोंदवही आहे का, हेही विचारा. नायलॉनचा दोर न वापरताही जुना होतो, आणि बहुतेक उत्पादक दहा वर्षांपलीकडे तो वापरू नका असं सांगतात. ‘आहेत कधीचे तरी’ असं उत्तर आलं तर त्या दोरावर लटकू नका. आणि डोंगरातल्या बचावकार्याचा खर्च काही देशांत स्वतःलाच भरावा लागतो, तेव्हा विम्यात तो धरलाय का हे बघून घ्या.

डोंगरासाठी नावडती ब्रांच घेऊ नका

ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. मन न लागणाऱ्या विषयाचा बॅकलॉग साचतो आणि आधी शनिवार-रविवारच जातात. डोंगर खिडकीतून दिसतो, पाय मात्र लायब्ररीतच. आवडीचा विषय शिकवणाऱ्या चार-पाच कॉलेजांची यादी आधी करा आणि त्यांच्यातली निवड डोंगराच्या निकषावर करा. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा वनशास्त्र आवडत असेल तर उत्तमच, कारण तिथे अभ्यासच तुम्हाला डोंगरात नेतो.

प्रवेश झालाय आणि डोंगर हाती लागत नाहीये?

लगेच कॉलेज बदलायची घाई करू नका. ऐच्छिक विषय निवडताना एक दुपार किंवा शुक्रवार मोकळा राहील असं बघा. बस नसेल तर गाडी असलेले तिघं-चौघं शोधून इंधन वाटून घ्या. एरवी क्लाइंबिंग वॉलवर सराव ठेवा आणि मोठ्या वाटा जोडसुट्ट्यांसाठी राखा. दुसऱ्या विद्यापीठात एक सत्र शिकायची सोय असेल तर चौकशी पहिल्याच वर्षी करा, कारण अर्जाची मुदत बऱ्याचदा कित्येक महिने आधी संपते.